वर म्हटलं की उजवीकडे

मराठी विभागासाठी लेख मागताना सरांनी एकच अट घातली होती, "स्वतः हाताने केलंयस तेच लिही, कुठून उतरवून आणू नकोस." मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ तपासणाऱ्या मैत्रिणीच्या माथी. विषय जरा विचित्र आहे. आपल्या कॉलेजात बर्फ दिसतो तो फक्त कॅन्टीनच्या लिंबू सरबतात, आणि मी लिहितेय बर्फ ढकलणाऱ्या ट्रकच्या वायरिंगबद्दल! पण मित्रांनो, शेवटपर्यंत वाचा. यातलं सगळं १२ व्होल्ट डीसी आहे आणि सगळं फर्स्ट इयरच्या बी.ई.ई.च्या पुस्तकातलं आहे. तरी मी चुकले आणि माझ्या चुकीचे पैसे मामाला भरावे लागले.

माझा मामा अमेरिकेत बफेलो शहराच्या एका उपनगरात राहतो. बफेलो आहे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला. हिवाळ्यात थंड वारा त्या लांबलचक पाण्यावरून वाफ उचलत येतो आणि किनाऱ्यावर आला की सगळा बर्फ एका पट्ट्यात ओततो. एका गल्लीत ऊन आणि पाच मैलांवर कमरेएवढा बर्फ असंही होतं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडच्या काही उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला होता. २०२२ च्या नाताळातल्या वादळात तर त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. बर्फ हटवायला आलेल्या गाड्या आणि रुग्णवाहिकासुद्धा अडकून पडल्या होत्या. त्यामुळे दारासमोरचा रस्ता मोकळा असणं ही तिथे हौसेची गोष्ट नाही.

मामाची नोकरी वेगळीच आहे, पण हिवाळ्यात तो पहाटे अकरा घरांसमोरचा बर्फ काढतो. बरीचशी घरं म्हाताऱ्या माणसांची. पिकअप ट्रकला पुढे साडेसात फुटांचं लोखंडी पातं लावलेलं असतं, त्याला ते लोक स्नोप्लाऊ म्हणतात. मामा त्याला नांगर म्हणतो. "आजोबांनी बैलांचा धरला, मी ट्रकचा धरलाय, पीक मात्र काही येत नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. मी सेकंड इयरची पहिली सेमिस्टर संपवून जानेवारी २०२५ मध्ये तीन आठवडे तिकडे गेले होते. "इलेक्ट्रिकलची इंजिनीअर आलीय," असं मामाने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. इथेच घोळ झाला.

आधी हे यंत्र चालतं कसं ते सांगते. पात्याच्या मागे एक छोटा हायड्रॉलिक पंप असतो आणि तो फिरवायला १२ व्होल्टची डीसी मोटर. ही मोटर बॅटरीतून शे-दीडशे अँपिअर सहज ओढते, म्हणजे गाडीच्या स्टार्टरच्या जवळपास. एवढा करंट केबिनमधल्या बटणातून नेता येत नाही, म्हणून मध्ये एक जाडजूड रिले असतो. बटण फक्त रिलेला सांगतं, रिले मोटरला जोडतो. आता पंपातून आलेलं तेल कुठे जायचं हे तीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतात. मामाच्या पंपावर त्यांच्या कॉइलना अ, ब, क म्हणू या. "वर" दाबलं की मोटर आणि ब चालू. "खाली" दाबलं की फक्त अ, मोटर बंदच, पातं स्वतःच्या वजनाने उतरतं. "डावीकडे" म्हणजे मोटर आणि क. आणि "उजवीकडे" म्हणजे नुसती मोटर, एकही कॉइल नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं. (सगळ्या पंपांची मांडणी हीच असते असं समजू नका. काहींना चार-पाच व्हॉल्व्ह असतात. कुठल्या बटणाला काय काय चालू व्हायला हवं हा तक्ता त्या त्या पंपाच्या पुस्तकात असतो.)

त्या रात्री पावणेचारला आम्ही निघालो. तिसरं घर एका नर्सबाईंचं. त्यांना साडेपाचला ड्यूटीसाठी निघायचं असतं, म्हणून मामा त्यांचं घर नेहमी लवकर करतो. पहिला ढकला छान झाला. मामाने गाडी मागे घेण्यासाठी पातं वर करायला बटण दाबलं, आणि पातं उठलंच नाही. मोटर नुसती कण्हत राहिली. मामा म्हणाला, "अगं, वर म्हटलं तर हा उजवीकडे वळला!" मी म्हटलं, "मामा, तुझं बोट चुकलं असेल, हातमोजे आहेत ना." तो गप्प बसला.

खरं सांगते, निदान त्या वाक्यातच झालं होतं. मला ते ऐकू आलं, समजलं नाही.

मी टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन खाली उतरले आणि थेट पात्याखाली हात घालायला निघाले, तर मामा एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या घरातला दिवा लागला. ते पातं तीनशे किलोच्या आसपास असतं. वर धरलेलं असेल तर मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह असतो आणि माझं डोकं. आमचं तर खालीच होतं, पण मामाचा नियम असा की पातं जमिनीला टेकलेलं हवं, केबिनमधल्या माणसाने सांगितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, आणि वायर काढायच्या तर बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची. आपल्या लॅबमध्ये असिस्टंट सर जसे ओरडतात तसंच. तेव्हा राग येतो, पण ते बरोबर असतात.

मग मी ब कॉइलची वायर कनेक्टरमधून काढली. मामाने "वर" दाबलं. मी मीटरची लाल पिन त्या सुट्या वायरला लावली, काळी पिन कॉइलच्या अर्थिंगच्या थिंबलला. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. मी खूश! सप्लाय येतोय, ग्राउंड आहे, म्हणजे कॉइल जळली. उणे अकरा डिग्रीत एवढं फटाफट निदान केल्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

रात्री कॉइल कुठून आणणार? मामाने घरी फोन केला, मामी फावडी घेऊन आली आणि आम्ही तिघांनी हाताने बर्फ उपसला. अंगणातला एक वेळ हलका असतो. पण नगरपालिकेची मोठी गाडी रस्ता साफ करत जाते तेव्हा प्रत्येक घराच्या तोंडाशी एक बांध टाकून जाते. तो दगडासारखा घट्ट. नर्सबाई स्वतः कोट घालून फावडं घेऊन आल्या. त्या पाच चाळीसला निघाल्या, दहा मिनिटं उशिरा, आणि जाताना खिडकीतून "थँक यू" म्हणाल्या. मला फार मेल्यासारखं झालं. उरलेल्या आठ घरांना मामाने फोन करून माफी मागितली. त्यातल्या एकांनी पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस लावला. त्यांचं तरी काय चुकलं?

सकाळी दुकान उघडल्यावर कॉइल आणली. साठ डॉलरच्या आसपास. बसवली. "वर" दाबलं. मोटर कण्हली, पातं जागचं हललं नाही.

आता मी जुन्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. ७ ओहम. नव्या कॉइलचा मोजला. तोही ७. हे काम रात्री दोन मिनिटांत झालं असतं आणि मामाचे साठ डॉलर वाचले असते. बसवलेला विजेचा भाग दुकानदार परत घेत नाही, तरी मामा मला घेऊन पुन्हा तिथे गेला. काउंटरवर एक आजोबा होते, हातांच्या रेषांत कायमचं काळं ग्रीस. त्यांनी कॉइलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, बाकीची बटणं दाबल्यावर काय होतं? डावीकडे जातं का? खाली?

मी मामाकडे पाहिलं, मामाने माझ्याकडे. आम्ही फक्त "वर" दाबून बघितलं होतं. मग मामा जरा बिचकतच म्हणाला, "वर दाबलं तेव्हा ते उजवीकडे वळलं होतं, पण भाची म्हणते माझं बोट चुकलं." आजोबा हसले. म्हणाले, बोट चुकलेलं नाही, मोटर चालली आणि ब उघडला नाही तर तेल उजवीकडेच जाणार, दुसरीकडे जाईल कुठे?

मला तिथेच तो तक्ता डोळ्यांसमोर दिसला. उजवीकडे म्हणजे नुसती मोटर!

घरी येऊन आधी मीटर बाजूला ठेवला आणि सगळी बटणं क्रमाने दाबली. "डावीकडे" दाबलं, मोटर चालते, पातं उजव्या टोकाला अडूनच. म्हणजे क पण चालत नाही. "खाली"चं कळेना, कारण पातं आधीच खाली होतं. तेव्हा आजोबांनी सांगितलेली युक्ती केली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉइलच्या मधल्या नटाजवळ धरायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. कॉइल चालू झाली तर चुंबकासारखी टोक ओढते. मीटर लागत नाही, ओढ हाताला कळते. आमच्या तिन्ही कॉइलवर जेमतेम काहीतरी जाणवलं, न जाणवल्यासारखं. तीन कॉइल एकाच रात्री जळत नसतात. तिघींमध्ये सामाईक काय आहे? केबिनमधून येणाऱ्या वायरी वेगवेगळ्या. कंट्रोलरचा फ्यूज सामाईक, पण तो गेला असता तर रिलेही लागला नसता आणि मोटर फिरली नसती. उरलं ग्राउंड. तिन्ही कॉइलच्या काळ्या वायरी एका थिंबलमध्ये एकत्र आणून ब्रॅकेटच्या एका बोल्टखाली दाबलेल्या होत्या. मोटरचं ग्राउंड वेगळ्या जाड केबलने थेट बॅटरीला जात होतं, म्हणून मोटर ठणठणीत.

पण मग रात्री मीटरने त्याच थिंबलवर १२.४ का दाखवले? लेख खरं तर एवढ्यासाठीच लिहितेय, म्हणून जरा सावकाश सांगते.

मी वायर *काढून* मोजलं होतं. वायर काढली म्हणजे कॉइल नाही, कॉइल नाही म्हणजे करंट नाही. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम. त्याच्याशी सिरीजमध्ये सडलेल्या बोल्टचे १८ ओहम आले काय न आले काय, त्यांच्यावर पडणारा व्होल्टेज मोजण्याइतकासुद्धा नाही. करंटच नाही तर आय गुणिले आर शून्य. मीटर खोटं बोलला नाही. मी त्याला प्रश्नच असा विचारला होता की उत्तर १२.४ च येणार.

या वेळी सगळ्या वायरी जागेवर ठेवल्या. लाल पिन थिंबलवर, काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. म्हणजे मी ग्राउंडचीच दोन टोकं मोजत होते. आदर्श उत्तर शून्य, चालण्यासारखं उत्तर व्होल्टचा एखादा-दुसरा दशांश. मामाने "वर" दाबलं. ८.९ व्होल्ट! बॅटरीचे १२.४, त्यातले ८.९ त्या एका बोल्टखाली खर्च होत होते आणि कॉइलला उरत होते साडेतीन. हिशोब करून बघा: ७ ओहमच्या कॉइलला साडेतीन व्होल्ट म्हणजे अर्धा अँपिअर, आणि ८.९ ला अर्ध्याने भागलं की १८ ओहमच्या जवळ. व्हॉल्व्ह उघडायला कॉइलला पावणेदोन अँपिअरच्या आसपास लागतात, तिथे अर्धा मिळत होता. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर जेमतेम ओढला जायचा.

खात्रीसाठी एक सुटी वायर घेतली, एक टोक थिंबलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. (ही युक्ती फक्त निगेटिव्ह बाजूला, पॉझिटिव्हला असला खेळ करू नका.) मी बाजूला उभी राहिले, मामाने "वर" दाबलं, आणि पातं झटक्यात उठलं. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाळ्या वाजवत होती.

बोल्ट खोलला तर आत हिरवी-पांढरी भुकटी. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. साधं सोडियम क्लोराइड, शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी. ते सगळं पात्यावरच उडतं. तांब्याच्या तारा दिव्याच्या वातीसारखं ते पाणी आत ओढून घेतात. बाहेरून इन्सुलेशन नवंकोरं, आत दोन-दोन इंच तार काळी. म्हणून तिथले जाणते लोक टेस्ट लँपची टोकदार सुई वायरमध्ये कधी खुपसत नाहीत. एक भोक पाडलं की पुढच्या हिवाळ्याची सोय झाली. आम्ही चांगली चमकदार तार लागेपर्यंत वायर कापली, नवीन थिंबल क्रिंप केलं, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, दात्यांचा वॉशर घातला आणि वर ग्रीसचा लेप दिला. परत मोजलं, ०.०४ व्होल्ट. खर्च दोन डॉलरपेक्षा कमी. नवीन कॉइल अजून मामाच्या गॅरेजच्या फळीवर आहे, "इंजिनीअर बाईंची आठवण" असं तिच्यावर लिहून ठेवलंय त्याने.

मोटरच फिरत नसेल तर रस्ता हाच, फक्त आकडे मोठे. बटण दाबल्यावर रिले "टक" करतो का ते ऐका. टक नसेल तर रिलेच्या छोट्या टर्मिनलवर व्होल्टेज पोचतोय का बघायचं, आणि तिथून मागे मागे कंट्रोलरपर्यंत जायचं. वाटेत गाडीच्या नाकाशी तो मोठा प्लग असतो, त्यात हमखास मीठ भरलेलं सापडतं. टक होतंय पण मोटर नाही, तर बटण दाबून धरून रिलेच्या दोन जाड टर्मिनलमध्ये मोजा. तिथे पूर्ण १२ दिसले तर आतले पॉइंट जुळतच नाहीत. आणि मोटर फिरते पण मरगळलेली, तर केबलचा प्रत्येक सांधा करंट चालू असताना मोजा. समजा एका सांध्यात ०.०३ ओहम आहेत. साधा मीटर ओहमवर लावून हे कधी कळणार नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. पण १५० अँपिअर वाहिले की तिथे साडेचार व्होल्ट गायब, आणि त्या सांध्यात ६७५ वॉट उष्णता, एखाद्या छोट्या इस्त्रीएवढी. ग्लोव्हज घालूनसुद्धा हाताला गरम लागतं.

हॉस्टेलवर आल्यावर हेच मी मैत्रिणीच्या स्कूटीवर केलं. सेल्फ मारला की नुसतं टकटक, आणि मेकॅनिकने दोनदा बॅटरी बदलायला सांगितली होती. बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यात, सेल्फ दाबलेला असताना, दोन व्होल्टच्या वर आले. अर्थिंगचा बोल्ट सैल होता. दहाचा पाना. पावसाळाभर उघड्यावर पार्क केलेल्या गाड्या आहेत ना आपल्या मेसच्या मागे, त्यांच्या मालकांनी हवं तर मला येऊन भेटावं, चहावर काम होईल.

आपल्या देशातही हिमालयातल्या खिंडींत बर्फ काढायचं काम चालतं. सीमा सडक संघटना ते करते, आणि तिथली यंत्रं मामाच्या नांगरापेक्षा खूप मोठी असतात. ती जवळून बघायची मला फार इच्छा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये मामाचा फोन आला. तिथे पहाट, इथे माझं दुपारचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलेलं. "अगं, आता नवीनच. उजवीकडे दाबलं तरी डावीकडेच जातोय." मी या वेळी बोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "वर जातं?" जातं. "खाली येतं?" येतं. "डावीकडे?" तेही जातं, व्यवस्थित.

उजवीकडे म्हणजे नुसती मोटर. तरी डावीकडे जातंय म्हणजे क उघडा आहे. आता प्रश्न एवढाच की त्याला कोणी करंट देतंय, की तो आपला आपणच उघडा अडकलाय? "मामा, क ची वायर काढून टाक आणि पुन्हा उजवीकडे दाब." फोन बॉनेटवर ठेवल्याचा आवाज आला. वाऱ्याचा घों घों. मग मोटर कण्हल्याची ओळखीची घरघर.

"काढली. तरी डावीकडेच."

"मग वायरिंगचा दोष नाही. मीटर आत ठेव आणि पाना घे. व्हॉल्व्हच्या आत कचरा अडकलाय."

तासाभराने त्याने फोटो पाठवला. कागदाच्या रुमालावर क चा व्हॉल्व्ह, त्याच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा रबरी सीलचा तुकडा, आणि मागे खिडकीतून दिसणारं नर्सबाईंचं अंगण, साफ केलेलं.